तिसरा नंबर गप्प का बसतो?

घरात पेट्रोलवर चालणारी चारचाकी असेल, तर ती सुरू करून जागेवरच उभी असताना बॉनेटपासून दोन हात लांब उभे राहा आणि कान द्या. घर्रऽऽ असा सलग आवाज येईल. सलग? छे! आत एकामागून एक भडके उडत असतात, आणि ते इतके पटापट उडतात की आपल्या कानाला दोन भडक्यांमधली फट कळतच नाही.

किती पटापट? वहीत हिशेब करून बघा. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. भडके जिथे उडतात त्या नळकांड्याला सिलिंडर म्हणतात, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा भडका उडतो. म्हणजे एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० आणि गाडीला चार सिलिंडर असतील तर चौघांत मिळून १६००. सेकंदाला सत्तावीसच्या आसपास! हायवेवर इंजिन ३००० फेऱ्यांवर गेलं की सेकंदाला चक्क १००. तुम्ही मागच्या सीटवर अर्धा तास डुलकी काढता, तेवढ्यात १ लाख ८० हजार भडके उडून गेलेले असतात.

यातला एकेक भडका उडायला सिलिंडरात वरखाली होणाऱ्या पिस्टनला चार कामं करावी लागतात. खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढायचं. वर येताना ते दाबायचं. मग ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. शेवटी वर येताना उरलेला धूर बाहेर हाकलायचा, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. निकोलाउस ओटो या जर्मन माणसाने अशा चार टप्प्यांचं इंजिन १८७६ मध्ये चालवून दाखवलं. आजच्या पेट्रोल गाडीतही तेच चार टप्पे आहेत.

आता समजा, चौघांपैकी एकाने मधूनच दांडी मारली. ठिणगी पडायच्या वेळी पडलीच नाही, भडका उडालाच नाही. गाडी थरथरते, झटका खाते, घाटात दम टाकते. गॅरेजात म्हणतात, ‘गाडी मिसिंग मारतेय.’ दांडी रोजची असेल तर चोर पकडणं सोपं. पण कधी असते, कधी नसते, असं असेल तर मिस्त्रीसुद्धा डोकं खाजवतात. आपण गाडी दाखवायला नेतो, तेव्हा नेमकी ती ठणठणीत असते!

असंच आमच्या ताईच्या गाडीचं झालं. सुरुवात झाली बोरघाटात.

मे महिन्यातला शनिवार, मुंबईहून पुण्याला जाणारी सगळी दुनिया रस्त्यावर. खोपोलीपर्यंत गाडी सुसाट आली आणि घाटात वाहतूक तुंबली. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतायत, वर ऊन, आत एसी. थोड्या वेळाने ताईचं लक्ष तापमानाच्या काट्याकडे गेलं. तो लाल रेघेला टेकला होता! बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. ताईनं गाडी कडेला घेऊन बंद केली.

सुसाट पळताना न तापलेली गाडी रांगताना का तापली? कारण पळताना समोरून येणारा वारा रेडिएटरमधून घुसतो आणि फुकटात गारवा देतो. गाडी थांबली की वारा थांबला. तेव्हा रेडिएटरमागच्या विजेच्या पंख्याने फिरायचं असतं. ताईच्या गाडीचा पंखा कधीच बंद पडला होता आणि कुणाला पत्ताही नव्हता, कारण तोवर त्याची गरज पडली नव्हती.

इथे जरा थांबू, कारण ही तापण्याची भानगड मोठी गंमतशीर आहे. सिलिंडरमध्ये भडका उडतो तेव्हा आतल्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. पिस्टन बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मग पिस्टनचा रस्सा का होत नाही? एक म्हणजे भडक्याला वेळ फार थोडा मिळतो. ३००० फेऱ्यांवर पिस्टनला खाली जायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. लगेच पुढच्या खेपेची ताजी हवा येते. दुसरं म्हणजे सिलिंडरांच्या भोवती बोगदे कोरलेले असतात आणि त्यांतून कूलंट, म्हणजे पाण्यात खास रसायन मिसळलेला द्रव, सतत फिरत असतो. तो उष्णता उचलतो, रेडिएटरमध्ये नेऊन हवेला देतो आणि परत येतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा गाडी चालवण्यात खर्चच होत नाही. बराचसा धुरातून जातो आणि बराचसा या कूलंटमधून.

कूलंट साधारण ९० अंशांवर असताना इंजिन खूश असतं. पण घाटात ते १०० च्या वर गेलं तर उकळणार नाही का? म्हणून रेडिएटरचं झाकण साधं नसतं. ते कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. हवेच्या दाबाइतकाच आणखी दाब आत कोंडला की साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या गाडीचं हे झाकण कधीही, कुणीही उघडायचं नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, आणि न उकळता बसलेलं सगळं पाणी त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. अशाने लोक वाईट भाजतात.

आणखी एक गोष्ट बऱ्याच मोठ्या माणसांनाही माहीत नसते, तुम्ही सांगा त्यांना. काटा चढायला लागला आणि लगेच थांबायला जागा नसली, तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करायचा! मे महिन्यात, बोरघाटात, हीटर! ऐकायला वेडेपणा वाटतो. पण गाडीतला हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनातली उष्णता उचलून तुमच्या तोंडावर फेकतो. तुम्ही घामाघूम होता, इंजिन वाचतं. काटा अचानक खाली आला, तरी लगेच सुटकेचा श्वास सोडू नका. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असावा लागतो. कूलंटच उडून गेलं आणि सेन्सर कोरडा पडला, की काटा खोटं बोलू शकतो.

ताईनं गाडी गार होऊ दिली, पाणी भरलं, थांबत थांबत पुणं गाठलं. पंखा बदलला, कूलंट भरलं, गाडी छान चालायला लागली. संपलं? नाही. काही दिवसांनी सकाळी गाडी सुरू केली की ती थरथरायला लागली. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायचा. मिनिटभरात सगळं शांत. दिवसभर पळवा, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थरथर.

मिस्त्रीकाकांनी गाडीला हातही न लावता पहिला प्रश्न विचारला, “मिसिंग येतं केव्हा, ते सांगा.”

या प्रश्नाला माझ्या लेखी शंभरपैकी शंभर गुण. मधूनच येणारी खोड कधीही मनाला येईल तेव्हा येत नाही, तिची वेळ ठरलेली असते. गाडी गरम झाल्यावरच झटके देत असेल, तर संशय विजेच्या भागांवर जातो. इग्निशन कॉइलमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तिच्यातला एखादा तुटका जोड गार असताना टेकलेला राहतो आणि तापून धातू पसरला की सुटतो. चढावर, ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावरच झटके येत असतील, तर ठिणगी कमजोर असू शकते. कारण सिलिंडरात हवा जितकी जास्त ठासून भरलेली, तितकी तिच्यातून ठिणगी उडवायला विजेचा जोर जास्त लागतो. बॅटरी फक्त १२ व्होल्टची, पण कॉइल त्याचे २०-३० हजार व्होल्ट करते, तेव्हा कुठे प्लगच्या मिलिमीटरभर फटीतून ठिणगी उडी मारते. (हे जमतं कसं? मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेल्या युक्तीने. तिच्यावर वेगळा लेख लागेल.) आणि फक्त सकाळी, रात्रभर गाडी उभी राहिल्यावरच मिसिंग येत असेल तर?

“तर रात्रीतून काहीतरी झिरपतंय,” काका म्हणाले. पण तेवढ्यावर त्यांनी निकाल दिला नाही. संशय वेगळा, पुरावा वेगळा.

त्यांनी स्कॅनर लावला. पडद्यावर आलं: पी ०३०३. शेवटचा आकडा तीन, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची दांडी. गाडीच्या कॉम्प्युटरला हे कसं कळलं असेल? सिलिंडरमध्ये डोकावायला त्याला खिडकी तर नसते! तो फक्त इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, क्रँकशाफ्टचं फिरणं मोजतो. त्याच्यासोबत एक दातेरी चाक फिरतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा असते आणि दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे फेरा कुठून सुरू झाला ते समजतं. समोरचा सेन्सर एकेक दाता जाताना टिपतो. ८०० फेऱ्यांवर अर्ध्या फेऱ्याला साडेसदतीस मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एक भडका ठरलेला असतो. एखाद्या भडक्याने दांडी मारली की तेवढा अर्धा फेरा किंचित रेंगाळतो. ते रेंगाळणं बघून कॉम्प्युटर म्हणतो, तिसरा गैरहजर! मला हे दरवेळी नव्याने अचाट वाटतं. अर्थात खड्ड्यांतून गाडी उसळली तरी दांड्याचा वेग वरखाली होतो. म्हणून काही गाड्यांत खराब रस्ता ओळखून ही हजेरी तात्पुरती थांबवायची सोय असते. आपल्याकडे पावसाळ्यात ती किती वेळ चालू राहत असेल, कोण जाणे.

दांडी मारणारा सापडला. का मारतो, ते अजून कळलेलं नव्हतं. आता काकांनी जे केलं, ते नीट बघा. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. बाकी कशालाही हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्कॅनर. कॉइल बिघडलेली असती तर खोड तिच्यासोबत पहिल्या सिलिंडरवर गेली असती. पडद्यावर पुन्हा पी ०३०३. कॉइल निर्दोष! मग दोन्ही प्लग असेच आपसांत बदलले. तरी तिसराच. एका वेळी एकच बदल करायचा, म्हणजे उत्तर कशामुळे बदललं ते नक्की कळतं. कॉइल, प्लग, इंजेक्टर सगळं एकदम नवीन घातलं असतं तर बिल मोठं झालं असतं आणि खोड तशीच राहिली असती.

प्लग काढले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. तीन प्लगांच्या टोकांवर फिकट तपकिरी पुट होतं, तिसऱ्याचं टोक मात्र धुतल्यासारखं स्वच्छ. गॅरेजात स्वच्छता दिसली की मिस्त्रींना शंका येते! तिथे वाफ होत असणार. आणि वाफ व्हायला पाणी पोचत असणार.

मग निघालं निळं पाणी. रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवतात, तिच्यात निळं रसायन असतं. गाडी सुरू करून कूलंटच्या वरची हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला धूर कूलंटमध्ये घुसत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळ्याचं पिवळं होतं. तुम्ही शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ केली असेल, तोही हाच वायू. ताईच्या गाडीचं पाणी मात्र निळंच राहिलं. दहा मिनिटं झाली, तरी निळंच.

ताई म्हणाली, “म्हणजे काही नाही ना, काका?”

काका म्हणाले, “गाडी आत्ता गरम आहे ना, बाई. गरम असताना ती मिसिंग मारतच नाही. मग गरम गाडीत चोर कसा सापडणार?”

त्यांनी गाडी ठेवून घेतली. पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकण धरतं तेवढा दाब भरला आणि तशीच रात्रभर ठेवली. सकाळी पंपाचा काटा उतरलेला होता. जमिनीवर थेंबही नव्हता, नळ्या कोरड्या. मग पाणी गेलं कुठे? काकांनी पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद केलं, चारही प्लग काढले, सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं आणि सेल्फ मारला. पिस्टन हलले, आणि तिसऱ्या भोकातून फस्सकन कूलंटचा फवारा उडाला!

आता सगळं जुळतं, बघा. इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक, त्यात पिस्टन. वर हेड, त्यात व्हॉल्व आणि प्लग. दोन्हींच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो, हेड गॅस्केट. भडक्याची, कूलंटची आणि तेलाची वाट एकमेकींत मिसळू न देणं हे त्याचं काम. ताईच्या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड ३० अंशांवरून ९० वर गेलं की सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतं, तेवढाच लांब ब्लॉक पाव मिलिमीटर. रोजची ही खेचाखेच गॅस्केट निमूट सोसतं. घाटात मात्र हेड प्रमाणाबाहेर तापलं. त्याला वाढायचं होतं, पण बोल्टांनी जखडलेलं. जागा न मिळाल्यामुळे धातू आतल्या आत दबला आणि गार झाल्यावर हेड किंचित वाकलेलं राहिलं. तिसऱ्या सिलिंडरशी गॅस्केटवरची पकड सुटली.

संध्याकाळी गाडी बंद केली की कूलंटमध्ये दाब असतो, सिलिंडरमध्ये नसतो. म्हणून रात्री थेंब थेंब कूलंट सिलिंडरात झिरपायचं. सकाळी तो ओलावा प्लगच्या टोकाशी. वीज फटीवरून उडी मारायच्या ऐवजी ओल्या वाटेने गुपचूप निघून जायची. ठिणगी नाही, भडका नाही, थरथर! मिनिटभरात ओलावा वाळायचा, धातू पसरून फट मिटायची आणि गाडी साळसूद व्हायची. निळं पाणी निळं राहिलं, ते याचमुळे.

हेड उतरवल्यावर काकांनी त्याच्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी धरली आणि खाली फिलर गेजची पाती सरकवून पाहिली. फिलर गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा. बऱ्याच इंजिनांना मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे एखाद्या केसाच्या जाडीइतका वाक चालतो. त्याहून जास्त नाही. ताईच्या हेडखाली, अगदी मध्यावर, त्याच्या दुप्पट जाडीचं पातं सहज सरकलं. हेड फेसिंगला गेलं. तिथे यंत्रावर त्याचं तोंड घासून सपाट केलं. नवीन गॅस्केट आलं, नवीन बोल्ट आले. बोल्ट आवळतानाही नेम असतो. मधून सुरुवात करून बाहेर जायचं, आणि एका दमात नाही, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यावर किती जोर लागतोय ते बघत.

मिसिंग थांबलं. ताईनं आणखी काही दिवस तशीच गाडी चालवली असती तर न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटलं असतं, आणि तो महागडा भाग जळून गेला असता. पिवळा दिवा नुसता लागून राहिला तर गाडी दाखवायला न्यायची. तो लुकलुकत असेल तर वेग कमी करून सुरक्षित जागी थांबायचं.

तुमच्या ओळखीच्या गॅरेजात हेडचं काम निघालं, तर मिस्त्रीकाकांना विचारून जुनं गॅस्केट मागून घ्या. ते नाहीतर भंगारातच जातं. त्यावर मोठी गोल भोकं दिसतील, ती सिलिंडरांची. भोवतीची छोटी भोकं कूलंटची आणि तेलाची. मोठ्या भोकाच्या काठावरून जवळच्या छोट्या भोकापर्यंत जाणारी एखादी काळपट रेघ दिसते का, ते शोधा. सापडली तर चोराची वाट सापडली. गॅस्केटच्या कडा मात्र धारदार असतात, तेव्हा हातमोजे घालूनच धरा.